आत्या घरात नाही

दार भिंगरीनं उघडलं आणि तिला पाहताच आईच्या हातातली रिकामी खोकी जिन्यावरून घरंगळत खाली गेली. सकाळी कामावर निघताना पोरीच्या पाठीवर कमरेपर्यंत लोंबणाऱ्या दोन वेण्या होत्या. आता मान उघडी पडली होती आणि केस कानाच्या पाळीशी सरळ रेषेत संपत होते.

"केस कुठायत तुझे?"

"पिशवीत," भिंगरी म्हणाली आणि जागच्या जागी एक गिरकी घेऊन दाखवली. या गिरक्यांमुळेच तिला भिंगरी नाव पडलं होतं. "बघ, आता वेणी कुणाला लागत नाही."

आई चपला न काढताच आत गेली. खिडकीपाशी शिलाई मशीन होतं आणि मशीनपाशी ताई. ताई म्हणजे तिची थोरली नणंद, भिंगरीची आत्या. तिनं लग्न केलं नाही की झालं नाही, हे घरात कुणी विचारलं नव्हतं. गल्लीतल्या लोकांचे कपडे आत घ्यायचे, सैल करायचे, आखूड करायचे, हे तिचं काम. आणि भावाच्या पोरीला वाढवायचं, हे त्याहून मोठं काम. आई डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स होती, तिच्या पाळ्या रोज बदलत्या. बाबा गोदामातून दिवेलागणीनंतरच परतायचे. त्यामुळे गेली सहा वर्षं भिंगरी रडली की धावायची ती आत्याच.

"ताई, कुणाला विचारून कापलेत?"

ताईनं मशीनचं चाक हातानं थांबवलं. "उकाडा किती वाढलाय. घाम मुरतो डोक्यात."

"आईला विचारायची काही पद्धत असते की नाही? इतके जपून वाढवलेले केस!"

वाढवले कुणी, तेल कुणी चोळलं, गुंता कुणी सोडवला, यातलं ताईनं काहीही काढलं नाही. ती एवढंच म्हणाली, "चुकलं माझं," आणि पुन्हा चाक फिरवलं.

आई मात्र बोलतच राहिली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की आपल्याला बरं वाटतंय. कितीतरी दिवसांनी या बाईपुढे मान वर करून उभं राहता येत होतं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण चोरालाही कधीतरी घसा मोकळा करावासा वाटतो.

चोरी घरातच झाली होती. आईला परदेशातल्या एका दवाखान्यात नोकरी मिळाली होती. सोबत नवरा नेता येत होता, मूल नेता येत होतं. नवऱ्याची बहीण मात्र तिकडच्या नियमात कुटुंबात बसत नव्हती. नवरा-बायकोला हे समजलं त्याच संध्याकाळी ताईनं भावाला विचारलं होतं, "तिकडे थंडी फार ना रे? मलाही गरम कपडे लागतील?" भाऊ म्हणाला, "लागतील की," आणि पाणी प्यायला आत गेला. आई समोरच बसली होती. तिनं तोंडातून ब्र काढला नाही.

मग 'उद्या सांगू'चं 'रविवारी सांगू' झालं आणि रविवार तर दर आठवड्याला येतच होते. ताईसमोर बसायची वेळ आली की नवरा उठे आणि कपबशा कागदात गुंडाळायला लागे. त्याच्या भित्रेपणामुळे बांधाबांध मात्र झपाट्यानं झाली. घरात एक कप उरला नाही आणि सगळे पेल्यातून चहा पिऊ लागले. दुसऱ्या गावातल्या चुलतबहिणीकडे ताईची सोयसुद्धा लावून झाली होती. चुलतबहिणीला माहीत होतं, घरमालकाला माहीत होतं, खालच्या इस्त्रीवाल्यालाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त ताईला.

पण आईला खरी टोचणी वेगळ्याच गोष्टीची होती. नवरा भित्रा होता. ती भित्री नव्हती. तिनं थंड डोक्यानं विचार केला होता. ताईला आत्ताच सांगितलं आणि ती रुसून चुलतबहिणीकडे निघून गेली तर भिंगरीला बघणार कोण? दवाखाना शेवटच्या दिवसापर्यंत पाळ्या लावणार होता. गरज सरो, वैद्य मरो असं लोक म्हणतात. इथं तर गरज सरेपर्यंत वैद्याला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नव्हता. ताईनं पुढे केलेला चहाचा पेला घेताना हल्ली आईची नजर पेल्यावरच राहत असे.

ताईही हल्ली बदलली होती. भिंगरीला भरवणं तिनं सोडलं होतं. "तोंड तुझं, हात तुझा," म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची. गोष्ट सांगितल्याशिवाय पोर झोपत नसे, तर आता गोष्ट अर्ध्यातच सोडून "पुढचं तू रच" म्हणून दिवा मालवायची. पहिल्या हाकेला ओ देईनाशी झाली होती. हे सगळं पाहून आईनं एकदा मनात म्हटलं होतं, बरंच झालं, आपोआप सुटतंय. आणि मग असं मनात आल्याबद्दल तिला स्वतःचीच किळस आली होती.

रविवारी दुपारी ती आतल्या खोलीत भिंगरीचे कपडे भरायला बसली. नवरा बाहेर दोरी आणायला म्हणून गेला होता तो गेलाच होता. कपाटातून निळा फ्रॉक काढून तिनं घडी घालायला उलटा केला आणि पाठीवर बटणं सापडेनात.

बटणं पुढे होती. नेहमीपेक्षा मोठी, लहान बोटांना धरता येतील अशी. पाठीवरची जुनी काजं इतक्या बारीक टाक्यांनी बुजवली होती की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती. तिनं दुसरा फ्रॉक काढला, मग तिसरा. सगळ्यांची बटणं पुढे आली होती. परकराच्या नाड्या जाऊन इलॅस्टिक आलं होतं. थंडीच्या कोटाला आतून एक लांब फीत शिवली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना हातमोजे टाचले होते, म्हणजे एकही हरवायला नको. बुटांचे बंद काढून तिथं पट्ट्या लावल्या होत्या, आणि उजव्या बुटात आत लाल टाका घातला होता, कुठला बूट कुठल्या पायाचा ते कळावं म्हणून.

आईला आधी वाटलं, ताईला रिकामं बसवत नसेल. मग तिला केस आठवले. दोन वेण्या सहा वर्षांच्या पोरीला स्वतःच्या स्वतः घालता येत नाहीत. कानापर्यंतचे केस विंचरता येतात.

फ्रॉक हातात घेऊन ती किती वेळ जमिनीवर बसून राहिली तिचं तिलाच कळलं नाही. दवाखान्यात लोकांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडायचं काम तिचं, आणि घरात उघड्या डोळ्यांनी इतकं दिसलं नव्हतं. उठली तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या. तशीच लंगडत ती बाहेरच्या खोलीत आली.

"ताई..."

"शू!" भिंगरी खोलीच्या मधोमध उभी होती, अंगात अर्धवट घातलेला पिवळा फ्रॉक. "आत्या घरात नाही."

आत्या मशीनपुढच्या स्टुलावर ताठ बसली होती. डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवलेले.

"म्हणजे काय?"

"खेळ आहे. आत्या घरात नाही असं म्हणायचं, मग मी सगळं माझं माझं करायचं. हाक मारली की मी हरले. सगळं झालं की मी म्हणते, 'आत्या आली!' मग ती डोळे उघडते."

"कधीपासून खेळता हा खेळ?"

भिंगरीनं जरा आठवून पाहिलं. "घरात कप होते ना, तेव्हापासून."

आई दाराला टेकली. भिंगरीनं खालून पहिलं बटण लावलं, दुसरं लावलं. तिसरं काजात शिरेना. दोनदा निसटलं. आई न राहवून पुढे झाली तशी भिंगरी मागे सरकली, "मदत नाही!" ताईचे डोळे मिटलेलेच होते, पण बटण निसटलं की तिचे खांदे हलत होते, मांडीखालचे हात सुटू पाहत होते आणि ती त्यांना आणखी आत दाबत होती. अखेर बटण काजात बसलं. मग कंगवा. भांग वाकडा पडला, पण पडला. मग बूट, आधी लाल टाक्याचा.

तेवढ्यात खालून मैत्रिणींनी भिंगरीच्या नावाचा पुकारा केला. भिंगरीनं दुसऱ्या बुटाची पट्टी दाबली, एक गिरकी घेतली आणि दारातून सुसाट बाहेर पडली. जिन्यावरचा धडधडाट खाली खाली गेला.

आईला वाटलं, ताई आता डोळे उघडेल. तिनं उघडले नाहीत.

"गेली ती खाली, ताई."

"ऐकलं मी."

आई स्टुलाजवळ जमिनीवर बसली. पुढच्या वर्षी बोलावून घेऊ, नियम काय आज आहेत उद्या नाहीत, असं पुष्कळ काही तिनं सांगायचं म्हणून घोकून ठेवलं होतं. ते सगळं बाजूला ठेवून तिनं विचारलं,

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी. 'लागतील की' म्हणाला आणि पाणी प्यायला गेला. लहानपणी शेजाऱ्यांची काच फोडून आला होता तेव्हाही आधी पाणीच प्यायला. अख्खा तांब्या." ताईच्या ओठांच्या कडा जराशा हलल्या. "खोटं बोललं की त्याच्या घशाला कोरड पडते. तुझ्या लक्षात नाही आलं अजून?"

आईला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं.

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तो रडला असता, तू रडली असतीस. मोठी माणसं रडताना पाहून पोर घाबरली असती. मग तिला शिकवणार कधी?"

"आम्ही तुम्हाला फसवलं," आई म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "तो घाबरला म्हणून गप्प बसला. मी घाबरले नव्हते, ताई. तुम्ही निघून गेलात तर हिला कोण बघणार, म्हणून मी गप्प बसले. तुम्हाला वापरून घेतलं मी."

खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली.

"मग मी का गप्प बसले असेन?" ती म्हणाली. "मला कळलंय हे तुम्हाला कळलं असतं, तर मग लाजेकाजेनं मला आधीच पाठवून दिलं असतंत. तेवढे दिवस कमी झाले असते माझे."

आईनं डोळे पदरानं पुसले. "आणि केसांवरून मी एवढं बोलले."

"ते लागलं," ताई म्हणाली. "बाकीचं इतकं नाही लागलं. ते लागलं."

यावर माफ करा म्हणणंही आईला हलकं वाटलं. ताईचा चेहरा तिला इतका जवळून, इतका निवांत पाहायला कधी मिळाला नव्हता. मिळाला असता तरी तिनं नजर वळवली असती.

जिन्यावर पावलं वाजली. वर येणारी. ताईची मान किंचित वर झाली.

भिंगरी धापा टाकत आत आली. दारामागच्या खुंटीवरून उड्या मारायची दोरी काढली. "आई, तू खाली का बसलीस?" तिनं विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता दोरी फरफटत निघून गेली. जाताना दार ओढून घेतलं, हेही नुकतंच शिकलेलं.

"आज पहिल्यांदा विसरली," ताई म्हणाली. गिऱ्हाइकानं कपडा अंगात घालावा आणि तो पहिल्याच खेपेला नीट बसावा, तेव्हा तिचा आवाज असाच होत असे. पण तो शेवटपर्यंत तसा राहिला नाही.

आईनं हात पुढे केला आणि तो मशीनच्या पायापाशीच थांबला.

"मी म्हणू का, ताई? 'आत्या आली' असं?"

ताईनं मान हलवली.

"तू म्हणून चालत नाही."

खाली अंगणात दोरी फरशीवर आपटू लागली. ताई डोळे मिटून ऐकत राहिली.