तुळजाची हजेरी

वडवणीच्या पल्याड, माळावर, सिस्टरांचं मुलींचं वसतिगृह होतं. तिथं दगडाबाई भाकरी थापायची. जेवणाच्या खोलीत एका परदेशी संत बाईंची तसबीर होती. त्या बाईंनी त्यांच्या काळी वाऱ्यावर सोडलेल्या पोरी गोळा करून शिकवल्या. त्यांचा एक दंडक सिस्टर अजून पाळत. संध्याकाळी जेवणाआधी एकेकीला नावानं हाक मारायची, नुसती डोकी मोजायची नाहीत.

आता दगडाबाईचं दुखणं ऐका. शेवटच्या नावानंतर तिला रोज एक ‘हजर’ जास्तीचं ऐकू यायचं. बारीक, घसा बसलेलं. बाकी कुणालाच नाही. म्हातारीला भास होतात म्हणाल, तर म्हणा बापडे. पण ती तो आवाज ओळखून होती आणि त्याला लई भ्यायची.

आवाज तुळजाचा, पूर्वी इथंच राहिलेल्या पोरीचा. बहात्तरच्या दुष्काळात तुळजाचा बाप फाटकाशी येऊन म्हणाला होता, “एक कोयता अर्धा राह्यलाय, पोरीला न्यायला आलोय.” तेव्हाच्या सिस्टर केरळच्या, नव्या. त्यांनी दगडाबाईला विचारलं, हे काय म्हणतात? ऊसतोडीत कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. साखर कारखान्याच्या फडात जोडीलाच काम, म्हणून तेरा वर्षांच्या पोरीचंही लगीन उरकतात. दगडाबाई तशीच फडात गेली होती, तिला सांगायची गरज नव्हती. पण बाप तिच्या गावचा. उगं वाईटपणा कशाला घ्या, म्हणून ती बोलली, “घरचा कोयता सापडंना म्हणत्यात. पोरीला ठावं हाय कुटं ठिवलाय ते.”

सिस्टर हसल्या आणि पोरीला सोडलं. दुसऱ्या हंगामात तुळजा फडातल्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, बाळंत होताना गेली. पुढं पुसत कोण बसतंय? वहीतलं नाव खोडलं, संपलं.

चौदा वर्षांनी पुन्हा तसाच दुष्काळ पडला, विहिरी आटल्या, आणि वसतिगृहातल्या विमलचा बाप सुंदरराव फाटकाशी आला. दगडाबाईचा सख्खा चुलतभाऊच तो.

“एक कोयता अर्धा राह्यलाय,” तो म्हणाला.

“कोयता?” नव्यानंच आलेल्या सिस्टर लूसींनी दगडाबाईकडं पाहिलं. विमलनं म्हातारीचा पदर धरला होता.

दगडाबाईनं पोरीला आपल्यामागं घेतलं. “कोयता म्हंजे नवरा-बायको, सिस्टर,” ती म्हणाली. “ह्या लेकराचं लगीन लावून तिला ऊस तोडाया न्यायचीय.”

सिस्टरांनी फाटकाला कुलूप घातलं.

“अक्के, तू आपल्यातली असून असं?” सुंदरराव म्हणाला. “आजपासून तू आमाला मेलीस.”

“बरं,” दगडाबाई म्हणाली.

संध्याकाळी हजेरी झाली. विमल ‘हजर’ म्हणाली, शेवटचं नावही झालं. आज तरी सुटका होईल, अशी वेडी आशा दगडाबाईला होती. पण आवाज आलाच.

तिनं परात खाली ठेवली. “सिस्टर, एक नाव राह्यलं. तुळजा.”

सिस्टर लूसींनी वहीत पाहिलं. नाव नव्हतं. पण म्हातारीचं तोंड बघून त्यांनी हाक मारली, “तुळजा.”

दगडाबाईनं कान देऊन वाट पाहिली, पण या खेपेला ‘हजर’ आलं नाही.

“गैरहजर लिवा,” ती म्हणाली. “मी घालवली तिला.”