मायरन हॅलिचुकची डावी बाजू

वरच्या लीगमध्ये तेव्हा संघ सहा, आणि प्रत्येक संघाला आइस हॉकीचा गोलकीपर एकच. म्हणजे अख्ख्या जगात जागा सहा. त्यातल्या एकाचा पाय मोडला आणि फ्लिंट लेकच्या खाणवस्तीत बातमी आली, की शनिवारच्या सामन्याला निवड करणारे डफील्डसाहेब येतायत, आपल्या मायरन हॅलिचुकला बघायला.

मायरन तेहेतीस वर्षांचा. अकरा हिवाळे तो खालच्या लीगमध्ये उघड्या तोंडानं उभा होता. मुखवटा घालणाऱ्याला तिथं भित्रा म्हणत. खेळातली कडक रबरी चकती तोंडावर बसली की खेळ थांबायचा, डॉक्टर टाके घालायचा आणि दहा मिनिटांत गडी परत गोलात. मायरनच्या तोंडावर टाके चारशे. बायको ओल्गा तीनशे नव्वद सांगायची, पण ती नवऱ्याचं सगळंच कमी करून सांगायची. दाढी करायला म्हणे त्याला नकाशा लागायचा.

गेल्या हिवाळ्यात सरावात लॉर्न पिकेटची चकती त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली. एकोणीस टाके. सूज उतरली, नजर परत आली नाही. डोळा दिसायला शाबूत, कामाला शून्य. हे फक्त दोघांना ठाऊक, मायरनला आणि दौऱ्यावर त्याच्या शेजारच्या खाटेवर झोपणाऱ्या लॉर्नला. मायरन मान डावीकडे वळवून उभा राहू लागला, म्हणजे उजव्या डोळ्याला दोन्हीकडचं दिसावं. "काय ऐट आहे गड्याची!" प्रशिक्षक खूश. वसंतापर्यंत त्या खोऱ्यातले झाडून सगळे गोलकीपर मान वाकडी करून उभे राहायला लागले, चर्चमध्ये पाद्रीसुद्धा.

मग लॉर्नची बदली झाली. दोन बचावपटू आणि बसचं एक जुनं इंजिन यांच्या बदल्यात मालकानं त्याला क्रो रिव्हरच्या संघाला देऊन टाकलं. आणि शनिवारी समोर क्रो रिव्हरच.

सामन्याआधी मायरननं त्याला बोळात गाठलं.

"लॉर्न, तेवढं मनात ठेव रे."

"कुठलं?"

"आता सोंग नको करूस."

"अरे म्हाताऱ्या, तुझ्या ओल्गाच्या हातच्या कोबीच्या गुंडाळ्या खाल्ल्यात मी. आमच्यातल्या एकाला जरी बोललो, तर जीभ झडो माझी!"

त्यानं शब्द पाळला. क्रो रिव्हरच्या बाकीच्यांनी उजवीकडून मारलं, मधून मारलं, पायातून मारलं. मायरननं एक्केचाळीस चकत्या अडवल्या. लॉर्ननं तीनदाच मारलं. पहिल्यांदा चकती डाव्या खांबाला घासून आत गेली. आपलं गाव एकदम गप्प का झालं, हे बघायला मायरननं मान वळवली, तेव्हा कळलं. दुसरी तिथूनच. तिसऱ्या वेळी त्यानं अंदाजानं डावीकडे अंग झोकून दिलं. चकती हनुवटीवर बसली आणि निवांत घरंगळत गोलात गेली. दोन विरुद्ध तीन. सामना संपला.

खोलीत डॉक्टर हनुवटी घट्ट धरून टाके घालत असताना लॉर्न आला आणि उजवीकडच्या बाकावर बसला.

"बोललो का कुणाला? सांग! बोललो असतो तर सगळ्यांनीच मारले असते. तीनच खाल्लेस ते माझ्यामुळे."

"साहेबांनी तुला घेतलं?" मायरन दातांतून पुटपुटला.

"सोमवारी निघतोय. पण त्यांना गोलकीपरही हवाय की. एक्केचाळीस अडवलेस म्हणून खूश आहेत तुझ्यावर."

मायरननं पाठ ताठ केली.

तेवढ्यात दार वाजलं. डफील्डसाहेब आले ते सरळ त्याच्या डाव्या अंगाला जाऊन उभे राहिले.

"हॅलिचुक, तिन्ही गोल डावीकडून गेले. मान हलवू नका. माझी बोटं किती?"

डॉक्टरच्या मुठीत हनुवटी. मान हलवायची म्हटली तरी हलली नसती. मायरननं उजव्या डोळ्यानं लॉर्नकडे पाहिलं. लॉर्ननं गुडघ्यावर हळूच तीन बोटं टेकवली आणि मान डोलावली.

"तीन," मायरन म्हणाला. अकरा हिवाळ्यांत इतका ठाम आवाज त्याचा कधी निघाला नव्हता.

लॉर्न फिस्सकन हसला.

डफील्डसाहेबांचे दोन्ही हात कोटाच्या खिशात होते.