दुपारचा पहारा

माणूस तुरुंगातून एका दिवसात सुटतो. गावात यायला त्याला किती दिवस लागतात, हे मात्र कुणी सांगत नाही. भिवाजीला वसमतच्या स्टँडवरून मोटारसायकलवर मागं बसवून आणलं, तेव्हा मला वाटलं होतं, झालं आपलं काम. काम तिथून सुरू झालं.

मी विश्वंभर. कुरुंद्याच्या पलीकडं आमचं गाव. गावात माझी पिठाची गिरणी आहे, आणि मारुतीच्या देवळातल्या सप्ताहाची व्यवस्था बघायचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. भिवाजी माझा लहानपणचा सोबती. चौदा-पंधरा वर्षांमागं बांध कोरल्यावरून त्याचं शेजारच्या प्रेमानंदशी भांडण लागलं आणि रागाच्या भरात त्यानं कुदळ घातली. प्रेमानंद जागेवर गेला. भिवाजीनं कोर्टात काही लपवलं नाही. जन्मठेप भोगली आणि मागच्या दिवाळीनंतर सुटून आला.

तेव्हापासून मी त्याच्यामागं पळतोय. रेशनकार्डावरून नाव कमी झालेलं. आधारच्या मशीनवर अंगठा जुळेना. तिथल्या पोरानं विचारलं, काका, एवढी वर्षं कुठं होतात, तर यानं सगळ्या रांगेसमोर खरं सांगून टाकलं. मी बाहेर आल्यावर चिडलो, की सगळीकडं सांगत फिरायची काय गरज. तर म्हणे, लपवून कुठं जाऊ. न्हावी त्याची दाढी करायचा, पण दुकानात नाही, घरी येऊन. कामाला कुणी ठेवीना म्हणून मी गिरणीत घेतला, तर माझंच गिऱ्हाईक आटलं. बायका दळणाचे डबे घेऊन कुरुंद्याला जायला लागल्या. माझी बायको साधना रोज ऐकवायची, की तुम्ही पुण्य करायला निघालात आणि गिरणीत उंदीर खेळायला लागले. तिचं काही चूक नव्हतं. मला तर भिवाजीचा कंटाळाच आला होता. त्याच्या चांगुलपणाचा जास्त. दारू प्याला असता, उलटून बोलला असता, तर हात झटकून मोकळा झालो असतो. पण हा आपला खाली मान घालून पीठ झाडणार.

चैत्रात सप्ताह जवळ आला आणि माझ्या डोक्याला नवीन ताप झाला. आमच्याकडं सप्ताहाचे सात दिवस वीणा जमिनीला टेकवायची नाही असा नेम आहे. रात्रंदिवस कुणी ना कुणी ती गळ्यात अडकवून देवापुढं उभं राहतं. घराघराचे रोजचे पहारे आजोबांच्या काळापासून ठरलेले. घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं, देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या, आणि मगच वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जायची. त्या काळी पहारे शेताच्या शेजारानं लावले होते. म्हणजे भरदुपारचा पहारा भिवाजीच्या घराचा, आणि त्याच्या हातून वीणा घ्यायची ती प्रेमानंदच्या घरानं. भिवाजी आत होता तेवढी वर्षं त्याच्या जागी मी उभा राहिलो. प्रेमानंदचा मुलगा शिवशंकर माझ्याकडून वीणा घ्यायचा. कुणाची काही तक्रार नव्हती.

यंदा भिवाजीची बायको रुख्मिणीबाई गिरणीत आली आणि म्हणाली, "भाऊ, पहारा त्यांचा हाय. त्यांनाच उभं ऱ्हाऊ द्या." ती बाई इतकी वर्षं लोकांच्या रानात खुरपत राहिली, पण कधी माझ्याकडं काही मागायला आली नव्हती. मी नाही म्हणू शकलो नाही. देवळात बैठक घेतली. नको असं तोंडावर कुणी म्हणालं नाही. शिवशंकरला विचारलं, तर तो उठता उठता म्हणाला, बघू. आमच्या भागात बघू म्हणजे बहुतेक वेळा नाहीच असतं. मला ते माहीत असूनही मी होकार समजलो, कारण मला आणखी फिरायचा कंटाळा आला होता.

पहिल्या दिवशी दुपारी म्हाताऱ्या तातेरावांनी भिवाजीच्या गळ्यात वीणा घातली. तातेरावांना धड दिसत नाही, माणूसही जुन्या वळणाचा. ते नेमाप्रमाणं वाकले आणि भिवाजी त्यांच्या पायावर जो पडला तो उठेचना. मीच त्याला दंडाला धरून उठवला.

पहारा संपायची वेळ झाली. शिवशंकर आला नाही.

थोडं थांबलो. मग मोटारसायकल काढून त्याच्या रानात गेलो. तिथं हळद शिजवायचं काम चाललं होतं, हळदीच्या मोठ्या कुकरच्या वाफेत माणूस दिसेना. मी म्हणालो, अरे, तिकडं वीणा खोळंबली. तो फडक्यानं हात पुसत शांतपणे म्हणाला, "मी कुठं आडवलं? हात दुखले तर ठिवंल खाली."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याला तेच हवं होतं. वीणा खाली टेकली की सप्ताह मोडला, आणि सप्ताह भिवाजीच्या हातानं मोडला म्हटल्यावर त्याला गावात कोण ठेवणार? पाऊस कमी पडला तरी त्याच्यामुळं आणि गाय मेली तरी त्याच्यामुळं. शिवी नको, हाणामारी नको. नुसतं न येऊन तो भिवाजीला गावाबाहेर काढत होता. मला राग आला आणि त्या पोराच्या हुशारीची भीतीही वाटली. लहान वयात बाप गेलेल्या पोरापुढं बोलणार तरी काय? मी तसाच परत फिरलो.

देवळात येऊन मी भिवाजीपुढं हात केले. म्हटलं, आण इकडं, इतकी वर्षं घेतली तशी आजही घेतो. त्यानं मान हलवली.

"तू घेतलीस तर उद्या बी तुलाच घ्यावी लागंल," तो म्हणाला. "मला गावात ऱ्हायचंय, विश्वंभर. तुझ्या गिरणीत न्हाई."

मला ते लागलं. मी तिथंच खांबाशी बसलो.

वीणेला वजन असं नसतंच, पण ती सांभाळून उभं राहणं म्हणजे काय ते उभं राहिल्यावर कळतं. साठी उलटलेला माणूस, वरून पत्र्याची झळ. रुख्मिणीबाई मधून मधून त्याच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावायची. तो रामकृष्णहरी म्हणत होता ते आधी ऐकू येत होतं, नंतर नुसते ओठ हलताना दिसायला लागले. बातमी पसरली तशी माणसं जमली. हळद टाकून आलेली, पत्ते टाकून आलेली. पुढच्या पहाऱ्याचा गडी वेळेवर हजर झाला, पण तो म्हणाला, मधलं घर वगळून मी कशी घेऊ, नेम मोडंल. त्याच्या पुढच्यानंही तेच सांगितलं. नेमाची एवढी काळजी या लोकांना कधी नव्हती. मागच्याच वर्षी यातला एकजण पहारा सोडून हिंगोलीला लग्नाला गेला होता.

संध्याकाळच्या हरिपाठाची वेळ होत आली. भिवाजी उभ्याउभ्या एका बाजूला कलायला लागला. पुढं उभी असलेली दोन माणसं हळूच मागं सरकली. पडला तर आपल्या अंगावर नको, म्हणून. मी मनात म्हणत होतो, ठेव बाबा खाली, जाऊ दे हे गाव खड्ड्यात, आपण दोघं कुठंतरी दुसरीकडं जाऊ. इतका मी थकलो होतो, नुसता बसून.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं वाट झाली आणि सुमनबाई आत आली. सुमनबाई म्हणजे प्रेमानंदची बायको, शिवशंकरची आई. ती सरळ रानातून आली होती. कोपरापर्यंत हात पिवळे, पायही पिवळे. नवरा गेल्यापासून ती देवळाच्या पायरीच्या वर आलेली मी पाहिली नव्हती. ती भिवाजीसमोर उभी राहिली.

"दे," ती म्हणाली.

भिवाजी वाकायला लागला. ती एक पाऊल मागं झाली.

"पायाला हात लावू नको. म्या तुला माफ कराया आले न्हाई. ते माझ्यानं व्हणार बी न्हाई. आमच्या घराचा पहारा हाय, म्हणून आले."

मागून कुणीतरी पुटपुटलं, की बाईमाणसानं वीणा घेतल्याचं आमच्या गावात ऐकलं नाही. तिनं तिकडं बघितलंही नाही. भिवाजीचा हात आखडला होता, गळ्यातला पट्टा त्याच्यानं निघेना. रुख्मिणीबाई पुढं झाली. तिनं नवऱ्याच्या गळ्यातून पट्टा काढला आणि तिनंच तो सुमनबाईच्या गळ्यात घातला. दोघी बायका इतक्या जवळ आल्या, पण एकमेकींकडं बघितलं नाही. भिवाजी भिंतीला धरून खाली बसला, आणि मी तोंड फिरवून डोळे पुसले. मला रडू आवरत नव्हतं, त्यात लाजण्यासारखं काही आहे असं मला आजही वाटत नाही.

आई उभी राहिल्याचं कळल्यावर शिवशंकर धावत आला. धापा टाकत आईपुढं हात करून म्हणाला, आण, मी घेतो. सुमनबाईनं वीणा छातीशी धरली. तिचा आवाज चढला नाही, पण देवळात सगळ्यांना ऐकू गेलं.

"त्यानं तुझ्या बापाला मारलं ते रागात मारलं. तू थंड डोक्यानं करून राहिलास." मग थोडं थांबून म्हणाली, "घ्यायची तर उद्या घे. त्याच्या हातून घे."

शिवशंकर तसाच उभा राहिला. मग पायाला लागलेली हळद बघत बाहेर गेला.

त्या संध्याकाळी भिवाजीला घरी सोडलं, तेव्हा उद्या यायचं की नाही हे त्यानं विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी दुपारी तो आंघोळ करून, पांढरा सदरा घालून देवळात हजर. तातेरावांनी वीणा दिली. पहारा संपत आला तसं माझं लक्ष सगळं दाराकडं.

शिवशंकर आला. उशिरा आला, पण आला. वीणेला हात लावून तो कपाळाला लावला. पाया पडला नाही. भिवाजीही वाकला नाही, दोघं ताठ उभे. पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात गेला. मला वाटलं होतं, असं झालं तर फार आनंद होईल. तसं काही झालं नाही. आता घरी जाऊन झोपावं एवढंच वाटलं.

भिवाजी पायरीकडं वळला, तेव्हा शिवशंकर देवाकडंच बघत म्हणाला, "उद्या मी जरा लवकर येतो. हळदीची गाडी भरायची हाय."

भिवाजी पायरी उतरला. आम्ही चप्पल घातली आणि घराकडं निघालो. चौकापर्यंत आलो. मग त्यानं माझा हात धरला.

"विश्वंभर, तो माझ्याशीच बोलला ना?"

मी म्हटलं, व्हय, तुझ्याशीच.

थोडं पुढं गेल्यावर त्यानं परत विचारलं.