सहा जागांचा सीसॉ

मित्रांनो, मी एक जुना सीसॉ आहे, आणि मी मत्सरी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. चेन्नईजवळच्या आवडी या गावी, संरक्षण कारखान्यातल्या लोकांनी बांधलेल्या वसाहतीच्या बागेत मी उभा आहे. माझ्या शेजारी झोपाळा आहे. त्याचं चांगलं झालेलं मला आजवर कधी बघवलेलं नाही.

मला रविकांत नावाच्या फिटरने घडवलं. रणगाड्यांची कामं करणारा माणूस, त्यामुळे फळीही त्याने रणगाडा पेलेल एवढी जाड घेतली. त्या काळी घरटी तीन-तीन, चार-चार मुलं असत. म्हणून त्याने दोन्ही बाजूंना तीन-तीन जागा केल्या आणि प्रत्येक जागेपुढे धरायला लोखंडी दांडी बसवली. अगदी आतली जागा सर्वांत धाकट्याची. संध्याकाळी कारखान्याचा भोंगा झाला की मुलं धावत येत आणि जागेवरून मराठी, तमिळ, तेलुगू अशा तीन भाषांत भांडत. झोपाळ्यावर तेव्हा एखादंच रुसलेलं पोर बसायचं. मला फार बरं वाटायचं.

मग सहांची चार झाली, चारांची दोन. घरात दोन मुलं, पुढे एकच. लोक त्याला चांगलंच म्हणत, आणि असेलही. मुलं नीट शिकली, नोकऱ्यांसाठी चेन्नईच्या दुसऱ्या टोकाला पेरुंगुडीकडे राहायला गेली. पण एका हाताने टाळी वाजत नाही आणि एका मुलाने सीसॉ हलत नाही. झोपाळ्याला मात्र एक मूल पुरतं. त्याच्या साखळ्या बदलल्या, त्याला निळा रंग दिला. मला तेलाचा थेंबही कुणी दिला नाही. पुढे समोर मोठ्या माणसांसाठी व्यायामाची यंत्रं बसली आणि त्यांच्यापुढेही रांग लागू लागली. ती रांग पाहून माझ्या पोटात दुखायचं.

आता माझ्याकडे येते ती एकटी कीर्ती, आठ वर्षांची. तिचे वडील गेल्या वर्षी पुण्याहून बदलून आले. ती एका टोकाला बसते आणि दुसऱ्या टोकाला दप्तर ठेवते. दप्तर कितीही जड असलं तरी तिला उचलत नाही. थोडा वेळ वाट पाहून ती झोपाळ्याकडे जाते. रोज तोच जिंकतो.

गेल्या महिन्यात वसाहतीचे सचिव चंद्रमौळी यांनी ठरवलं की मला कापून इथे आणखी एक यंत्र बसवायचं. रविवारी सकाळी वेल्डर आला. कीर्तीला हे कळलं होतं. ती माझ्या टोकावर येऊन बसली आणि उठेचना. चंद्रमौळींनी तिला परोपरीने समजावलं, झोपाळा दाखवला. शेवटी त्यांनी विचारलं, तुझ्यासमोर बसायला आहे तरी कोण?

यंत्रावर पाय हलवत कृष्णवेणी आजी हे ऐकत होत्या. त्या तंजावरकडच्या, तिथलं जुन्या वळणाचं मराठी बोलणाऱ्या निवृत्त शिक्षिका. त्यांची चार मुलं माझ्यावर खेळून मोठी झाली आणि चौघंही दूर गेली. त्या उठल्या, पदर खोचला आणि माझ्या दुसऱ्या बाजूला, अगदी आतल्या जागेवर बसल्या. टोकाला बसल्या असत्या तर कीर्ती वरच लटकली असती. धाकट्याच्या जागेवर आजी बसल्या आणि बरोबर तोल साधला. मी करकरत हललो.

“टीचर, पडाल,” चंद्रमौळी म्हणाले. तेही लहानपणी इथलेच.

“तू पण इथेंच पडून दात पाडलास,” आजी म्हणाल्या. “तेव्हां आम्ही ही फळी मोडलों काय? जा, तेल आण.”

चंद्रमौळींनी जीभ दातांवरून फिरवली आणि वेल्डरला तेल आणायला पाठवलं.

मित्रांनो, तुम्ही मुलं आता थोडी आहात, त्यात तुमचा दोष नाही. पण समोर कुणी नसेल तर दप्तर ठेवत बसू नका. घरातल्या मोठ्यांना हाताला धरून आणा आणि आतल्या जागेवर बसवा. मला अधूनमधून तेल द्या.

त्या दिवशी झोपाळा संध्याकाळपर्यंत रिकामा होता. त्याला कसं वाटलं असेल ते मला पक्कं ठाऊक आहे. तरीही मला आनंदच झाला.