फळीला घातलेली मागणी

मालक त्या वर्षी मेच्या सुरुवातीला वेर्बिनोला आले ते डोक्यात नवं खूळ घेऊनच. आमचे मालक म्हणजे काउंट वालेरियान प्लातोनोविच. हिवाळाभर राजधानीत ते काय करायचे देव जाणे, पण उन्हाळ्यात हवेलीवर आले की त्यांना बागेत काहीतरी नवं लागायचं. एका वर्षी गुहा झाली. एका वर्षी तळ्यातल्या बेटावर चिनी छत्री झाली. इटलीहून आणलेले संगमरवरी देव तर इतके झाले होते की धुणं वाळत घालायला कुठे मोकळी जागा उरली नव्हती. त्या वर्षीचं खूळ होतं लाकडी माणसांचं.

मी उस्तीन्या. हवेलीच्या कोठीच्या किल्ल्या बावीस वर्षं माझ्या कमरेला होत्या, तेव्हा हे सगळं मी जवळून पाहिलं.

लाकडी माणसं म्हणजे फळीतून कापलेल्या आकृत्या. एका बाजूने हुबेहूब रंगवायच्या, मागून टेकू द्यायचा आणि झाडीत अशा ठेवायच्या की लांबून खरंच कोणी आहे असं वाटावं. शेजारच्या राजपुत्राकडे अशी सात होती, म्हणून आमच्याकडे दहा हवी होती. आमचा चित्रकार येर्मील कामाला लागला. गुहेपाशी एक साधू झाला, तळ्याकाठी टोपलीवाली मुलगी झाली, कुरणात एक गायही झाली, कारण खऱ्या गाई मालकांना हव्या तिथे उभ्या राहत नसत. मग मालक म्हणाले, लिंडनच्या झाडांच्या रांगेच्या टोकाला बाकावर एक बाई हवी, जांभळ्या पोशाखातली, हातात पुस्तक घेतलेली.

तिच्यासाठी समोर बसायला मावशीसाहेब तयार झाल्या. कापितोलिना ल्वोव्ना, मालकांच्या धाकट्या मावशी. वय पन्नाशीचं, लग्न झालेलं नाही, दिसायला ठसठशीत, आणि बोलायला लागल्या की चहाच्या समोवारातलं पाणी उकळून गार व्हायचं तरी वाक्य संपायचं नाही. तीन दिवस त्या बसल्या आणि तीन दिवस बोलत होत्या. चित्र झाल्यावर त्यांनी ते निरखून पाहिलं.

"तोंड मिटलेलं का काढलंस रे? मी अशी कधी बसते?"

"तेवढं मनानंच काढलं, मावशीसाहेब," येर्मील म्हणाला. "बघायला काही मिळालं नाही."

जूनच्या सुरुवातीला जनरल द्रोझ्दिन जेवायला आले. दोन कोसांवर त्यांची वाडी होती. विधुर, निवृत्त, मिशा पांढऱ्याशुभ्र, आणि डोळे अगदी अधू. चष्मा खिशात असायचा, पण तो लावताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. सैनिकाला चष्मा शोभत नाही असं त्यांचं मत होतं. जेवणाआधी मालकांनी त्यांना चित्रांच्या दालनात नेलं. जनरलसाहेब प्रत्येक चित्रासमोर मान डोलवत गेले आणि शेवटी एका ठिकाणी थबकले.

"हा देखावा मात्र अप्रतिम. झाडं हलल्यासारखी वाटतात. कोणाचा आहे?"

ती खिडकी होती. मालक म्हणाले, "एका हॉलंडवाल्याचा." मालकांना असल्या गमती फार आवडायच्या, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

जेवण झाल्यावर जनरलसाहेब बागेत एकटेच फिरायला गेले ते दोन तासांनी परतले. चेहरा उजळलेला होता.

"लिंडनच्या रांगेत त्या बसल्यात, त्या बाईसाहेब कोण?"

मालकीणबाई खरं सांगणार तेवढ्यात मालकांनी त्यांना टेबलाखालून पाय मारला. "माझ्या नात्यातल्या आहेत. फार लाजाळू."

"लाजाळू नव्हे, सुसंस्कृत," जनरलसाहेब म्हणाले. "ओळख नसल्यामुळे मी समोरच्या बाकावर बसलो. सहज नदीकाठच्या लढाईचा विषय काढला. पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं हो त्यांनी. मध्ये एक शब्द नाही. आजवर त्या लढाईत पूल ओलांडेपर्यंतसुद्धा कोणी माझ्याबरोबर आलं नव्हतं."

त्यानंतर ते एक दिवसाआड येऊ लागले. दोन बाकांच्या मध्ये दहा पावलांचं अंतर होतं आणि जनरलसाहेब रीतीला पक्के, त्यामुळे जवळ जायचा प्रश्नच नव्हता. पूल ओलांडला गेला, किल्ला पडला, माघारही झाली. एकदा पाऊस आला म्हणून माळ्याने फळी उचलून काचघरात ठेवली. बाक रिकामा पाहून जनरलसाहेब घाबरले, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून सर्दीवर म्हणून रासबेरीचा मुरंबा आला. तो मावशीसाहेबांनी खाल्ला.

"चेहरा माझा आहे," त्या मला म्हणाल्या, "मग मुरंबा कोणाचा?"

पाच आठवडे असं चाललं. मग एका दुपारी जनरलसाहेब सगळी पदकं लावून आले, दिवाणखान्यात ताठ उभे राहिले आणि त्यांनी मालकांकडे रीतसर मागणी घातली.

"त्यांचा होकार आहे असं मी समजतो. नकार असता तर पाच आठवड्यांत उठून गेल्या असत्या."

मालकांचा चेहरा पडला. आपल्या टोपीला हसला म्हणून याच जनरलसाहेबांनी एका माणसाला पिस्तूल घेऊन मैदानात द्वंद्वाला बोलावलं होतं, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक होतं. टोपीला हसल्यावर जर हे, तर फळीशी लग्न ठरवल्यावर काय? "उद्या बागेतच भेट घडवतो," एवढं कसंबसं बोलून त्यांनी पाहुण्यांना वाटेला लावलं आणि ते धावत मावशीसाहेबांच्या खोलीत गेले. मी तिथे चादरी मोजत होते.

"मावशी, तुझ्या पाया पडतो. उद्या जांभळा पोशाख घालून बाकावर बस. फक्त म्हण, मला मान्य नाही. तीन शब्द. चौथा बोलू नकोस, नाहीतर त्यांना संशय येईल."

"का मान्य नाही?"

मालक खुर्चीवर टेकले. मग म्हणाले, "मावशी, तू त्यांना पाहिलंयस का कधी धड?"

"पाहुणे आले की तुम्ही मला मुलांबरोबर जेवायला बसवता. कुठून पाहणार?" मावशीसाहेबांनी आरशात केस नीट केले. "बसते मी. पण तीन शब्दांचं वचन देत नाही."

दुसऱ्या दिवशी फळी उचलून एका जाड झाडामागे गवतात आडवी ठेवली. तिच्यापाशी मी आणि येर्मील लपलो. मालकही तिथे येऊन वाकून बसले. मावशीसाहेब बाकावर, हातात पुस्तक. जनरलसाहेब आले, समोर बसले, आणि लग्नाचं बोलायला संकोच वाटला म्हणून असेल, आधी वेढ्याची हकीकत सुरू केली.

मावशीसाहेब गप्प होत्या. मान लालबुंद झाली होती, पण गप्प होत्या.

"काकी, त्या श्वास तरी घेतायत ना?" येर्मीलने मला हळूच विचारलं.

"...तर वेढ्यात खायला काही उरलं नाही," जनरलसाहेब सांगत होते. "मी जवानांना सांगितलं, रानातली पांढरी अळंबी गोळा करा आणि सरळ व्हिनेगरमध्ये टाका."

मावशीसाहेबांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं.

"व्हिनेगरमध्ये? पांढरी अळंबी? न भिजवता? अहो, तीन दिवस पाण्यात ठेवायची, रोज पाणी बदलायचं, मग मीठ, शेपू, चेरीची पानं, वर दगड, आणि चाळीस दिवस हात लावायचा नाही. तुम्ही शत्रूच्या तोफांतून वाचलात हेच नवल. कोणी शिकवलं तुम्हाला? तुमच्या घरी लोणच्यांचं कोण बघतं?"

आणि तिथून त्या जे सुटल्या त्या थेट त्यांच्या आजीच्या तळघरापर्यंत गेल्या. मालकांनी डोकं गवतात खुपसलं.

बऱ्याच वेळाने मावशीसाहेबांना दम घ्यावा लागला. जनरलसाहेब उठून उभे राहिले.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "माझ्या जिवात जीव आला. गेल्या आठवड्यापासून मला वाटत होतं, आपली प्रकृती बरी नाही की काय."

"माझी प्रकृती ठणठणीत आहे. तुम्ही फळीशी बोलत होतात."

"कशाशी?"

मावशीसाहेब त्यांना हाताला धरून झाडामागे घेऊन आल्या. तिथे फळी होती, मी होते, येर्मील होता आणि गुडघ्यांवर बसलेले मालक होते. जनरलसाहेबांनी सावकाश खिशातून चष्मा काढला आणि लावला. फळीकडे पाहिलं, मावशीसाहेबांकडे पाहिलं, परत फळीकडे पाहिलं.

"नाक बरोबर आलंय," ते म्हणाले. "पण ही बाई फारच बारीक आहे."

मग त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी डोळे मिटून घेतले.

"काउंट, तुमच्याशी मी नंतर बोलेन. आधी मला यांच्याशी बोलायचंय, आणि आज तरी कोणी ऐकायला नको."

मैदानातली भेट काही झाली नाही. त्या संध्याकाळी चहाला जनरलसाहेब चष्मा लावूनच बसले. मावशीसाहेबांना त्यांनी परत, तोंडावर, विचारलं होतं. त्या म्हणाल्या, विचार करून सांगते, आणि तो विचार त्यांनी मोठ्याने केला, तीन तास. मालकांना शिक्षा म्हणून समोर बसून तो शेवटपर्यंत ऐकावा लागला. उत्तर होकाराचं होतं.

ऑगस्टचे उपवास संपल्यावर गावच्या चर्चमध्ये लग्न लागलं. मावशीसाहेबांबरोबर बरण्यांच्या चार गाड्या गेल्या, आणि हवेली अशी सुनी झाली की जेवताना मालक उगाचच चमच्याने ताटली वाजवायचे.

हिवाळ्यात मी त्यांच्या वाडीवर मध पोचवायला गेले. दार नोकराने उघडलं. आतून दोन आवाज येत होते. जनरलसाहेब पूल ओलांडत होते आणि त्याच वेळी मावशीसाहेब कोबीला मीठ लावत होत्या. दोघंही शेगडीच्या दोन बाजूंना बसून एकदमच बोलत होती, कोणी कोणाचं ऐकत नव्हतं, आणि चेहऱ्यांवर असं समाधान की मला मध्ये बोलवेना. मी मध स्वयंपाकघरात ठेवला. स्वयंपाकिणीने मला गरम सूप दिलं आणि कानांवरून रुमाल घट्ट बांधून परत भाकरी थापायला लागली.