दोन टोले

"बाबा, हात खाली! हळू, हळू खाली घ्या!"

मुलगी मागच्या दारातून ओरडली, तेव्हा ड्रायव्हरसाहेबांचा हात दारावरच्या पत्र्याखाली, कपड्यांची दोरी बांधायच्या हुकाकडे निघाला होता. तो जागच्या जागी थांबला. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. कुणी ओरडलं की आधी ब्रेक, मग चौकशी.

"काय झालं?"

"गांधीलमाश्यांचं पोळं आहे तिथे. चांगलं तळहाताएवढं. दिसत नाही का तुम्हाला?"

त्यांनी वर पाहिलं. पत्र्याची कड दिसली, भिंत दिसली, शेजारच्यांचा नळसुद्धा दिसला. नेमकं जिथे बघत होते तिथे मात्र करडा डाग होता. हा डाग हल्ली कुठेही जा, त्यांच्या पुढेच असायचा. गुणगुण मात्र ऐकू आली.

"दिसतंय की," ते म्हणाले. "तेच तर काढायला आलो होतो."

"नुसत्या हाताने?"

हात मागे घेऊन, काही झालंच नाही अशा थाटात ते आत आले.

चेष्टेचा विषय नव्हता तो. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोला एक, फक्त एक, गांधीलमाशी मानेवर चावली होती. बघता बघता तोंड सुजलं, श्वास अडकला, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती निळी पडली. वाचली. पण डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा चावली तर इथवर पोचायला वेळ मिळेलच असं नाही. इंजेक्शन घरात ठेवा, पण त्याच्या भरवशावर राहू नका."

तेव्हापासून रोज सकाळी ड्रायव्हरसाहेब घराला फेरी मारत. डेपोतून गाडी काढण्याआधी चारी बाजूंनी बघायची सवय होतीच. हातात लांब बांबू, टोकाला साबणाच्या पाण्यात भिजवलेलं फडकं. पोळं बटणाएवढं असतानाच खरवडायचं आणि देठाची जागा पुसून काढायची, म्हणजे माशी दुसरं घर शोधते. फेरी झाली की स्वयंपाकघरात येऊन जाहीर करायचं, "रस्ता मोकळा!" बायको म्हणायची, "बरं." मग चहा. यंदा तर त्यांना एकही पोळं सापडलं नव्हतं. "दरारा आहे आपला," असं ते गल्लीत सांगत सुटले होते.

मुलीने आईला सगळं सांगितलं. बाई भाजी चिरत होत्या. त्यांनी विळीवरचा हात थांबवला नाही. 'अगं बाई' नाही, 'कुठे' नाही, काही नाही.

ड्रायव्हरसाहेबांना ते खटकलं. मग आठवलं, आठवडाभर कपडे आतच वाळताहेत, खुर्च्यांच्या पाठींवर. बाहेरच्या उन्हाने रंग उडतो म्हणाली होती.

फवारणीचा पंप आणायला ते न्हाणीघरात गेले. दारामागे हात घातला तर हाताला जाड कापड लागलं. त्यांचा खाकी कोट. तो तर निवृत्तीच्या दिवशी घडी करून पेटीत ठेवला होता. कोट ओलसर होता, बाह्यांना साबणाचा वास होता. खिशात रबरी हातमोजे. कोपऱ्यात एक आखूड काठी उभी होती, तिच्याही टोकाला फडकं.

त्यांनी बादली उपडी केली आणि तिच्यावर बसले. एकदा घाटाच्या उतारावर ब्रेक गेले होते, तेव्हाही ते इतके घाबरले नव्हते.

बाहेर आले तेव्हा कोट हातातच होता.

"कधीपासून?"

बाईंनी कोटाकडे पाहिलं. "मागच्या उन्हाळ्यापासून. खिडकीवर एवढं मोठं लोंबत होतं आणि तुम्ही त्याच्याखालून आलात. वर मला म्हणालात, रस्ता मोकळा."

"माझ्याआधी उठतेस? रोज?"

"तुमची झोप दांडगी."

"अगं, एक चावली असती तर? एक!" त्यांचा आवाज फाटला. "कुणासाठी मारतो मी ही फेरी?"

"ओरडू नका. तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आलात, ते मला सांगितलंत? खिशात चिठ्ठी ठेवून कपडे धुवायला टाकलेत, तेव्हा कळलं."

मुलगी एकदा आईकडे, एकदा बापाकडे बघत राहिली. ड्रायव्हरसाहेब खाली बसले. डोळ्यांच्या जोरावर आयुष्यभर मान ताठ ठेवलेल्या माणसाने ती पहिल्यांदा खाली घातली.

"मला दिसत नाही," ते म्हणाले. "कडेचं दिसतं. समोर ज्याच्याकडे बघावं तेच पुसून जातं. परत यायची नाही म्हणाले नजर." मग कोटाची बाही चोळत, "तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, राहू दे आता फेरी. मग मी काय कामाचा?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी पदराने टिपलं आणि पुन्हा विळीकडे वळल्या. "हे पत्र्याखालचं उंच होतं. माझी काठी पुरेना. परवा स्टुलावर चढले, तर दोन उठल्या. उतरले मग."

साहेबांनी डोळे मिटून घेतले.

"आता दोघंही गप्प बसा," मुलगी म्हणाली. "मी माणूस बोलावते. नाहीतर मीच मारते फवारा."

"तू नको," बाई म्हणाल्या. "गाडी तेच चालवतील. मागे बघायला मी आहे."

मुलीला कळलं. लग्नाआधी आणि नंतरही बारा वर्षं आई याच ड्रायव्हरच्या गाडीवर कंडक्टर होती. घंटीचा एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चला. अडचणीच्या जागी गाडी मागे घ्यायची तर बाई खाली उतरून गाडीच्या पत्र्यावर थापा मारत, आणि साहेब आरशात न बघता गाडी घेत.

संध्याकाळी माश्या पोळ्यावर परतून सुस्तावल्या. दारं-खिडक्या बंद झाल्या. ड्रायव्हरसाहेबांनी खाकी कोट चढवला, डोक्याला पंचा गुंडाळला, हातमोजे घातले आणि पंप घेऊन पत्र्यापासून चार पावलांवर उभे राहिले. स्वयंपाकघराच्या बंद काचेमागे बाई. त्यांच्या शेजारी मुलगी, हातात इंजेक्शन घट्ट धरून.

"डावीकडे!" काचेतून आवाज आला. "अजून. जरा वर... अहो, फार झालं, खाली."

त्यांनी नळी हलवली. समोर करडा डाग. त्यात पोळं होतं की नुसता पत्रा, देव जाणे. एक माशी गुणगुणत कानाजवळून गेली.

टण्. काचेवर एक टोला.

ते थांबले. माशी पंच्यावर बसली असावी, तिचं चालणं त्यांना कपाळावर जाणवत होतं. आत मुलीने श्वास रोखला. बाईंनी रोखला नाही. त्या माशीकडे बघत राहिल्या, ती उडून पोळ्यावर परत जाईपर्यंत.

टण्, टण्.

साहेबांनी दांडा दाबला. साबणाच्या पाण्याची धार सरळ पोळ्यावर गेली. "मारा, मारा, थांबू नका!" बाई आतून ओरडत होत्या. पंप रिकामा होईपर्यंत ते मारत राहिले. पोळं भिजून लोळागोळा झालं आणि थपकन खाली पडलं. त्यांनी आवाजाच्या दिशेने बूट उचलला आणि ते चिरडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी उठले, तर शेजारचं अंथरूण रिकामं. धावतच न्हाणीघरात गेले. कोट दारामागे होता, कोरडा. आखूड काठी मुलीने मोडून कचऱ्यात टाकली होती.

बाई आत, पहिल्या खिडकीपाशी उभ्या होत्या. केस विंचरलेले, काच पुसलेली.

ड्रायव्हरसाहेबांनी बांबू घेतला आणि बाहेर गेले. खिडकीपाशी थांबले, फडकं वर धरलं. काचेमागे बायको होती. तिच्याकडे सरळ पाहिलं की तिचा चेहरा पुसून जायचा, म्हणून त्यांनी मान जराशी वळवली आणि डोळ्याच्या कडेने तिला पाहिलं. ती वरच्या सज्ज्याचा कोपरा न् कोपरा तपासत होती. वेळ लावत होती.

ते थांबून राहिले.

काचेवर दोन टोले पडले, आणि ते पुढच्या खिडकीकडे निघाले.