जस्ताचा आलेख

कार्बन डायसल्फाइडची बाटली उघडली की प्रयोगशाळेत कुजक्या कोबीचा दर्प सुटायचा. त्यात अमाइनचा सडक्या माशांसारखा वास मिसळला की शेजारचे लोक नाकं मुरडत दारं लावून घ्यायचे. तिला मात्र चार वर्षांत सवय झाली होती. बर्फात भांडं ठेवायचं, या दोन घाणींचं लग्न लावायचं, मग मोरचुदाचं निळं पाणी थेंबथेंब सोडायचं. तळाशी तपकिरी गाळ बसायचा. ते तिचं तांब्याचं संयुग, तिची पीएच.डी. त्याच्यावरच होती. प्रबंध सोमवारी द्यायचा होता आणि मुदत आता वाढणार नव्हती.

संयुगाची ओळख पटवणारा, एनएमआर यंत्रावरचा एक आलेख तेवढा राहिला होता. शुक्रवारी मार्गदर्शकांनी खणातून तो काढून दिला. तिने तो उजेडात धरला. अशा संयुगातल्या तांब्याच्या किंचित चुंबकपणामुळे या आलेखात रेषा पसरून पुसट होतात; जस्ताच्या होत नाहीत. इथे त्या सुईसारख्या उभ्या होत्या.

"सर, हा तांब्याचा नाही. ताईंच्या जस्ताचा आहे." ताई म्हणजे जस्ताच्या संयुगावर काम केलेली त्यांची आधीची विद्यार्थिनी.

"अगं, डोकं नको चालवूस. जोडून टाक. परीक्षक आपलाच माणूस आहे," असं म्हणत त्यांनी बिस्किटाची तेलकट बोटं तिच्याच प्रबंधाच्या कच्च्या पानाला पुसली. शिसारी आली तिला. घरी जेवणही गेलं नाही.

दर शनिवारी ते तिच्या प्रयोगवहीवर सही करत. या शनिवारी तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'सरांनी दिलेला आलेख जस्ताचा आहे. तो तांब्याचा म्हणून लावायला त्यांनी सांगितलं.' भांडण होणार, कदाचित पदवीही जाणार, या तयारीनेच तिने वही पुढे केली.

ते फोनवर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी 'तपासलं. छान.' असं लिहिलं, सही ठोकली आणि वही परत सरकवली.

ती दारातच मागची पानं उलटत राहिली. दुसऱ्या वर्षीचं एक पान सापडलं. 'सहा वेळा केलं, वितळणबिंदू जुळत नाही. सर, माझं काय चुकतंय?' ते लिहिताना ती रडली होती. खाली तेच होतं: 'तपासलं. छान.'

बाटलीतल्या घाणीने कधी आली नव्हती एवढी मळमळ तिला आता आली. ती तडक विभागप्रमुखांच्या खोलीत गेली आणि वही त्यांच्यासमोर उघडून ठेवली.

"यावर सरांची सही आहे," ती म्हणाली. "तुम्ही मात्र वाचा."